नवा वस्ताद आला की तालीम रिकामी का होते? अमेरिकन कॉलेज फुटबॉलची खेळाडू-भरती, सोप्या भाषेत

माझी भाची पेन्सिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात एमएस करते. ११ ऑक्टोबर २०२५ च्या शनिवारी ती मैत्रिणींबरोबर बीव्हर स्टेडियममध्ये होती. लाखाहून जास्त माणूस बसतो असं ते मैदान. त्या दिवशी पेन स्टेटचा, म्हणजे तिथल्याच विद्यापीठाचा, संघ नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाकडून २२-२१ असा, एका गुणानं हरला. आणि विद्यार्थी आपल्याच प्रशिक्षकाला काढा म्हणून ओरडत होते. दुसऱ्या दिवशी खरोखरच जेम्स फ्रँकलिन यांना काढलं. पेन स्टेटमधला हा त्यांचा बारावा हंगाम होता, नावावर १०४ विजय होते. हंगाम सुरू होताना संघ देशात दुसऱ्या क्रमांकावर मानला जात होता. मग ओरेगॉनकडून हार, एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएकडून हार, आणि तिसरी ही.

डिसेंबरमध्ये भाचीचा फोन आला. "मावशी, नवा कोच ठरलाय, चांगला आहे म्हणतात. मग इथे सगळ्यांची तोंडं उतरलेली का? दोनच मुलं आली, दोनच मुलं आली, असं चाललंय. दोनच मुलं म्हणजे काय? कॉलेजात तर हजारो मुलं आहेत!"

मी ओहायोत अठरा वर्षं राहते आणि हा खेळ मनापासून बघते, तरी तिला फोनवर धड सांगता आलं नाही. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांमुळे हल्ली बऱ्याच मराठी घरांत कॉलेज फुटबॉलच्या गप्पा पोचतात आणि तिथेच अडतात. म्हणून हे सविस्तर.

## आधी माणूसबळाचा हिशेब

हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. इथे चेंडू लांबट असतो, हातात धरून पळतात, फेकतात, आणि समोरचा अंगावर येऊन पाडतो. मैदानात एका वेळी अकराच खेळाडू असतात, पण चढाई करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे वेगळे, आणि चेंडूला लाथ मारायची वेळ आली की तिसरीच तुकडी. त्यात दुखापती रोजच्या. त्यामुळे संघ म्हणजे पंधरा-वीस जणांचा चमू नसतो. आता मोठ्या विद्यापीठांना १०५ खेळाडू ठेवता येतात.

खेळाडूला साधारणपणे पाच वर्षांत चार हंगाम खेळायची मुभा असते. म्हणजे दरवर्षी संघाचा मोठा हिस्सा निघून जातो आणि तेवढीच नवी मुलं आणावी लागतात. प्रशिक्षकानं एक वर्ष भरतीत चूक केली तर ती चूक पुढची तीन-चार वर्षं मैदानावर दिसते.

या भरतीला तिकडे रिक्रूटिंग म्हणतात. मी भरतीच म्हणते.

## लिलाव नाही, स्थळं बघणं आहे

आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. पैसे मोजले, खेळाडू आपला. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्येही, म्हणजे एनएफएलमध्ये, नव्या खेळाडूंची वाटणी ठरलेल्या क्रमानं होते. आदल्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला पहिली निवड मिळते. खेळाडूच्या मर्जीला तिथे फारशी जागा नाही.

कॉलेजात याच्या बरोबर उलट. एखाद्या मुलाला वीस विद्यापीठांनी बोलावलं, तर कुठे जायचं हे तो आणि त्याचे आईवडील ठरवतात. विद्यापीठानं हात पुढे करायचा, मन वळवायचं, घरी जाऊन बसायचं, आजीशी बोलायचं. आपल्याकडे चांगल्या स्थळासाठी जशी रांग लागते, अगदी तसंच. आणि स्थळ नाकारलेल्या घरानं मनातून चरफडत हसतमुखानं निरोप घ्यायचा, हेही तसंच.

मुलांसाठी हा निर्णय फार मोठा असतो. हायस्कूल संपल्यावर तीन वर्षं गेल्याशिवाय एनएफएलमध्ये प्रवेश नाही. म्हणजे व्यावसायिक खेळाडू व्हायचं असेल तर वाट बहुतेक सगळ्यांची कॉलेजातूनच जाते. चुकीचं कॉलेज, चुकीचा प्रशिक्षक निवडला, तर ती वाट तिथेच संपू शकते.

## शब्द आणि सही

भरतीत दोन टप्पे आहेत आणि सगळा घोळ त्या दोघांच्या मधल्या काळात आहे.

पहिला टप्पा शब्दाचा. मुलगा जाहीर करतो की मी अमुक विद्यापीठात येणार. याला कमिटमेंट म्हणतात. त्याला कायद्याचं बंधन नाही. आपल्याकडे जशी सुपारी फुटते, तसं समजा. चारचौघांत सांगितलं, पेढे वाटले, पण लग्न अजून लागायचं आहे.

दुसरा टप्पा सहीचा. मुलगा बारावीत असताना डिसेंबरच्या सुरुवातीला तीन दिवसांची मुदत असते. त्या दिवसांत तो शिष्यवृत्तीच्या करारावर सही करतो. फेब्रुवारीत आणखी एक मुदत असते, पण नावाजलेली मुलं बहुतेक डिसेंबरमध्येच सह्या करून मोकळी झालेली असतात.

शब्द आणि सही यांच्यात कधी कधी वर्ष-दीड वर्ष जातं. मूल अकरावीत गेलं की १ सप्टेंबरपासून प्रशिक्षक त्याला थेट संदेश पाठवू शकतात. पण त्याच्याही आधी त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकाकडे चौकश्या सुरू असतात. विद्यापीठ स्वतःच्या खर्चानं मुलाला आणि पालकांना बोलावतं. अशा भेटी जून महिन्यात सगळ्यात जास्त. मुलाचं नाव लिहिलेली जर्सी तयार असते, फोटो काढतात, जेवण होतं. मग एका खोलीत त्याला त्याच्या जागेचा प्रशिक्षक काही सामन्यांची चित्रफीत दाखवतो आणि सांगतो की पुढच्या वर्षी इथे, या जागी तू असशील.

आमच्या शेजारच्या घरातला मुलगा या सगळ्यातून गेला. त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलाच्या कडेला चपलांचं एक खोकं होतं, त्यात विद्यापीठांची पत्रं रचून ठेवलेली. आई मला दाखवायची, "ही बघ, हातानं लिहिलेली." त्यातली निम्मीअधिक पत्रं एकाच सहायक प्रशिक्षकाची होती. वाढदिवसाला त्याचा फोन, आजोबा आजारी होते तेव्हा त्याचा फोन, परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याचा निरोप. मुलानं शब्द दिला तो त्या विद्यापीठाला, असं कागदावर म्हणता येईल. खरा शब्द त्या माणसाला होता. पुढे बारावीच्या नोव्हेंबरमध्ये तिथला मुख्य प्रशिक्षक बदलला आणि हा सहायकही गेला. मुलाला ते शाळेच्या मधल्या सुट्टीत, मित्राच्या मोबाइलवर कळलं. नव्या माणसाचा फोन आला तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला, "तू कुठल्या जागेवर खेळतोस?" ती आई हे सांगताना अजून गप्प होते.

नव्या मुख्य प्रशिक्षकापुढची सगळी अडचण या एका प्रश्नात आहे. विद्यापीठ तेच, मैदान तेच, रंग तेच; पण तीन वर्षं जोडलेली माणुसकी ज्याची होती तो माणूस निघून गेला.

## तालमीचं उदाहरण

आपल्याकडे तालमीत पोरगं येतं ते वस्तादाचं नाव ऐकून. तालमीची माती, हौद, आखाडा महत्त्वाचा असतोच, पण बाप पोराचा हात धरून आणतो तो वस्तादाच्या हाती द्यायला. वस्ताद उद्या दुसऱ्या गावच्या तालमीत गेला तर त्याचे पठ्ठे काय करतील? काही राहतील, काही त्याच्या मागे जातील, आणि जे अजून यायचेच होते ते तर नक्कीच थांबून विचार करतील.

पेन स्टेटला नेमकं हेच झालं. १२ ऑक्टोबरला फ्रँकलिन गेले. पुढच्या वर्षीसाठी शब्द दिलेली मुलं एकेक करून मागे फिरू लागली. १७ नोव्हेंबरला फ्रँकलिन व्हर्जिनिया टेक या दुसऱ्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाल्याचं जाहीर झालं आणि त्यातली बरीच मुलं त्यांच्या मागे तिकडे गेली. घरोघरी बसून ओळख वाढवली होती ती फ्रँकलिन आणि त्यांच्या माणसांनी, तेव्हा त्या ओळखीही त्यांच्याबरोबर गेल्या.

इकडे पेन स्टेटचा शोध लांबत चालला होता. सहीच्या मुदतीच्या तोंडावर ब्रिगॅम यंग विद्यापीठाचे कलानी सिताके येणार अशा बातम्या होत्या, पण ते आपल्याच जागी राहिले. ३ डिसेंबरला सहीचा दिवस उजाडला तेव्हा पेन स्टेटला मुख्य प्रशिक्षक नव्हता. त्या दिवशी सह्या केल्या त्या दोन मुलांनी. एरवी वीस-पंचवीस मुलं घेणाऱ्या आणि आदल्याच हंगामात राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी खेळलेल्या विद्यापीठात दोन मुलं! भाचीच्या गावात तोंडं उतरली होती ती यामुळे.

५ डिसेंबरला आयोवा स्टेटच्या मॅट कॅम्बेल यांचं नाव पक्कं झालं. सह्यांची तीन दिवसांची मुदत त्याच दिवशी संपत होती. वाफसा निघून गेला आणि मग शेत ताब्यात आलं, अशी गत.

## पंचांगच उलटं

हे एका विद्यापीठाचं दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही, कारण सगळं वेळापत्रकच असं आहे. नियमित हंगाम नोव्हेंबरच्या शेवटी संपतो. प्रशिक्षकांच्या नेमणुका साहजिकच त्याच सुमारास होतात. आणि सह्या लगेच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. २०१७ पूर्वी सह्यांचा मुख्य दिवस फेब्रुवारीत असे, तेव्हा नव्या माणसाला निदान दोन महिने मिळायचे. त्या वर्षी डिसेंबरच्या मध्यावर एक लवकरची मुदत आली, आणि २०२४ पासून ती आणखी पुढे ओढून महिन्याच्या सुरुवातीला आणली. मुलांना लवकर निश्चिंत होता यावं, हा हेतू चांगलाच होता. पण नव्या प्रशिक्षकाच्या हातात उरले काही दिवस.

लेन किफिन यांचं उदाहरण त्याच आठवड्यातलं. मिसिसिपी विद्यापीठाचा संघ ११ सामने जिंकून, फक्त एक हरून राष्ट्रीय बाद फेरीच्या दारात उभा होता. ३० नोव्हेंबरला किफिन तो संघ सोडून लुइझियाना स्टेटकडे गेले. बाद फेरी संपेपर्यंत थांबायची त्यांची इच्छा होती, मिसिसिपीनं ती मान्य केली नाही. प्रेक्षकांचा संताप झाला, आणि तो मला पूर्ण पटतो. पण त्याच वेळी हेही दिसतं की सही तीन दिवसांवर आली होती. ते महिनाभर थांबले असते तर नव्या ठिकाणची त्या वर्षीची भरती हातची गेली असती. माझ्या मते इथे दोष वेळापत्रकाचा जास्त आहे. सहीची मुदत हंगाम पूर्ण संपल्यावर ठेवली, तर प्रशिक्षकाला असा पेच पडणार नाही आणि मुलाला कोणाच्या हाताखाली खेळायचं ते कळल्यावर सही करता येईल.

## बाहेरच्यांआधी घरचे

नवा प्रशिक्षक नवी मुलं आणायच्या मागे लागतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याचा पहिला आठवडा जातो आहेत त्यांना धरून ठेवण्यात.

याचं कारण ट्रान्स्फर पोर्टल. नाव भारी आहे, वस्तू साधी. दुसऱ्या कॉलेजात जायचं असलेल्या खेळाडूंची ती ऑनलाइन नोंदवही आहे. २०१८ मध्ये सुरू झाली. तेव्हा कॉलेज बदललं की सहसा एक वर्ष मैदानाबाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये एकदा बदलायला ती अट काढली, आणि २०२४ मध्ये अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदलता येईल अशी मोकळीक दिली. वर्षातून ठरावीक दिवसच ही वही उघडते. २०२६ मध्ये ती मुदत २ ते १६ जानेवारी होती. पण प्रशिक्षक बदलला तर त्या संघातल्या खेळाडूंसाठी वेगळी जादा मुदत मिळू शकते. हा नियम मला न्याय्य वाटतो. ज्याच्यासाठी आलो तोच गेला, तर मुलाला दार उघडं हवंच.

अलाबामात काय झालं बघा. १० जानेवारी २०२४ ला निक सेबन निवृत्त झाले. सतरा हंगामांत त्यांनी अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली होती. दोनच दिवसांत वॉशिंग्टन विद्यापीठाचे केलन डिबोर यांची नेमणूक झाली. त्याच आठवड्याच्या सोमवारी डिबोर यांचा संघ राष्ट्रीय अंतिम सामना खेळला होता. म्हणजे माणूस उत्तमच. पण ते मूळचे साउथ डकोटाचे. अलाबामा, जॉर्जिया, फ्लोरिडा या दक्षिणेच्या राज्यांतल्या शाळांत त्यांची ओळख नव्हती, आणि खेळाडूंसाठी ३० दिवसांची जादा मुदत उघडली होती.

बचावफळीतला कॅलेब डाउन्स हा हिरा ओहायो स्टेटला गेला. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा सूत्रधार. त्या जागेसाठी आणलेला ज्युलियन सायिन नुकताच कॅम्पसवर येऊन पोचला होता, तोही ओहायो स्टेटला गेला. आयझाया बाँड टेक्ससला. केडिन प्रॉक्टर आपल्या मूळ राज्यात, आयोवाला गेला आणि मार्चमध्ये परतही आला.

आणि रायन विल्यम्स. अलाबामातल्याच सारालँडचा, अजून सतरा वर्षंही पूर्ण न झालेला मुलगा. सेबन निवृत्त झाले त्याच दिवशी त्यानं दिलेला शब्द मागे घेतला. नव्या माणसानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि महिना संपायच्या आत मुलगा परत आला. त्या वर्षी २८ सप्टेंबरला जॉर्जियाविरुद्धचा सामना मी घरी बघत होते. अलाबामानं मोठी आघाडी घेतली होती ती सगळी गेली, जॉर्जिया पुढे गेली, अडीच मिनिटंही उरली नव्हती. विल्यम्सनं कडेला चेंडू झेलला, दोघं अंगावर आले तेव्हा जागच्या जागी गिरकी घेतली आणि मोकळा पळत सुटला. ७५ यार्डांचा तो टचडाउन, म्हणजे समोरच्याच्या शेवटच्या रेघेपलीकडे चेंडू नेऊन मिळवलेले गुण. सामना ४१-३४. जानेवारीत त्या मुलाच्या घरी पुन्हा जाऊन बसलेल्या माणसांचं काम त्या धावेत मला दिसलं.

याच बदलाची साखळी पुढे कुठवर गेली तेही बघण्यासारखं आहे. डिबोर अलाबामाला गेले, वॉशिंग्टननं ॲरिझोनाचे जेड फिश आणले, ॲरिझोनानं सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन, सॅन होजेनं केन निउमाटालोलो. एका माणसाच्या निवृत्तीनं चार विद्यापीठांतल्या मुलांना आपला निर्णय पुन्हा तपासावा लागला.

## "मग पोर्टलमधूनच संघ उभा करा की!"

हा आक्षेप रास्त आहे. शाळकरी मुलांच्या मागे कशाला लागायचं, तयार खेळाडू घ्यावेत. आणि याला मोठा पुरावाही आहे. कर्ट सिग्नेटी नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियाना विद्यापीठात आले. त्याआधीच्या हंगामात इंडियानानं १२ पैकी ३ सामने जिंकले होते. सिग्नेटींनी आपल्या जुन्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले १३ खेळाडू बरोबर आणले. पहिल्याच वर्षी ११ विजय, दोन हार. दुसऱ्या वर्षी १६ पैकी १६ जिंकून राष्ट्रीय विजेतेपद. त्या संघाचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोसा कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेला.

पण या कथेत एक गोष्ट नजरेतून सुटते. सिग्नेटींनी आणलेले ते १३ जण अनोळखी नव्हते. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले पठ्ठे होते. कोण थकल्यावर कसा वागतो, कोणाला रागावलेलं चालतं, हे सगळं त्यांना आधीच माहीत होतं.

कोलोरॅडोत डिऑन सँडर्स डिसेंबर २०२२ मध्ये आले तेव्हा तिथला संघ १२ पैकी एक सामना जिंकलेला होता. त्यांनी जवळजवळ सगळा संघ बदलला. पहिल्या वर्षी ४ विजय, ८ हार. दुसऱ्या वर्षी ९ विजय, आणि ट्रॅव्हिस हंटरला देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान. हंटर आणि क्वार्टरबॅक शेडूर सँडर्स एनएफएलमध्ये गेले आणि तिसऱ्या वर्षी, २०२५ मध्ये, पुन्हा ३ विजय, ९ हार. बाहेरून आलेले खेळाडू वयानं मोठे, त्यामुळे लवकर जातात. त्यांच्या मागे घरी वाढवलेली रांग नसेल तर दर वर्षी रोपं विकत आणावी लागतात.

कॅम्बेल यांनी दोन्ही वाटा धरल्या. जानेवारीत आयोवा स्टेटमधले डझनाहून जास्त खेळाडू पेन स्टेटला आले, त्यात त्यांचा क्वार्टरबॅक रॉको बेख्टही. एवढ्यावर पहिला हंगाम तरी निभावेल. आयोवा स्टेटच्या गावी, एम्सला, मात्र त्याच महिन्यात नवा प्रशिक्षक जिमी रॉजर्स रिकाम्या कपाटांपुढे उभा होता.

## "आता पैसा आहे, मग अडतं कुठे?"

बऱ्याच जणांना वाटतं की हल्ली खेळाडूंना पैसे मिळतात, तेव्हा ज्याची थैली मोठी त्याची भरती चांगली. यात तथ्य आहे, पण पैशाची वाट समजून घ्यायला हवी.

१ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा आणि प्रसिद्धी वापरू देऊन पैसे घेता येतात. जाहिरात, सह्या, कार्यक्रम असं काहीही. याला एनआयएल म्हणतात. त्यानंतर न्यायालयात एक मोठी तडजोड झाली. न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी ६ जून २०२५ ला ती मंजूर केली आणि १ जुलैपासून विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षाची मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. म्हणजे आपले साधारण १८० कोटी रुपये, आणि बहुतेक मोठ्या ठिकाणी त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉलचा.

आता नव्या प्रशिक्षकाच्या जागी बसून बघा. ही रक्कम त्याला कोरी मिळत नाही. आधीच्या माणसानं कोणाला किती कबूल केलंय, ते आधी बघावं लागतं. जे राहणार त्यांना थांबण्यासाठी वाढवून द्यावं लागतं, कारण त्यांना बाहेरून बोलावणी येत असतात. उरलेल्यात नवीन आणायचे. लग्नघरी आदल्या दिवशी जबाबदारी अंगावर पडलेल्या चुलत्यासारखी स्थिती. खरेदी कोणी काय केली ठाऊक नाही, आचाऱ्याला आगाऊ कोणी दिली ठाऊक नाही, आणि पंगत तर उद्या बसवायची आहे.

शिवाय समोरच्या मोठ्या विद्यापीठाची मर्यादाही तेवढीच आहे. दोघांनी सारखेच पैसे पुढे केले की आईवडील पुन्हा जुन्याच प्रश्नावर येतात. माझ्या मुलाकडे बघणार कोण? आणि प्रतिस्पर्धी तिथेच घाव घालतात. "तो माणूस नवा आहे, दोन वर्षांत उडेल, मग तुमचं पोर कोणाच्या दारात?" नव्या माणसाकडे या बोलण्याला द्यायला अजून तिथला एकही विजय नसतो.

म्हणून शहाणे प्रशिक्षक आल्या आल्या एक गोष्ट करतात. आधीच्या चमूतला, त्या भागात मुळं असलेला एखादा सहायक ठेवून घेतात. कॅम्बेल ओहायोचे, आधीचे दहा हंगाम आयोवात. पेन स्टेटची भरती चालते पेन्सिल्व्हेनिया, न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनियात. त्यांनी टेरी स्मिथ यांना सोडलं नाही. स्मिथ स्वतः पेन स्टेटसाठी खेळलेले, पिट्सबर्गजवळ गेटवे हायस्कूलचे प्रशिक्षक राहिलेले, आणि फ्रँकलिन गेल्यावर हंगामाचे उरलेले सामने ज्यांनी सांभाळले ते. पश्चिम पेन्सिल्व्हेनियातल्या शाळेत कॅम्बेल नवखे असतील. स्मिथ यांच्याबरोबर गेले तर दार लगेच उघडतं.

## "शब्द मोडणाऱ्या पोरांवर विश्वास ठेवायचा कसा?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात जास्त टोचतो. मुलगा मागे फिरला की लोक त्याला लोभी म्हणतात, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला वाट्टेल ते लिहितात. पण क्रम बघा. पेन स्टेटला शब्द दिलेल्या मुलांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही केलं नव्हतं. ज्यांनी त्यांना शब्द दिला होता त्यांना विद्यापीठानं काढलं, आणि पुढचे ५४ दिवस नवं नाव ठरलं नाही. त्या ५४ दिवसांत एखाद्या आईनं मुलाला "दुसरीकडे बघ" म्हटलं असेल, तर तिनं चूक केली असं मला म्हणवत नाही. आमच्या शेजारीणबाईंनी तेच म्हटलं होतं.

भाचीला मी हे सगळं पाठवलं, तेव्हा तिनं विचारलं की मग आता पेन स्टेटचं काय होणार. या वर्षीचं काम कॅम्बेल यांनी बाहेरच्या खेळाडूंवर भागवलं. खरी भरती आता सुरू झाली आहे, सध्या अकरावीत असलेल्या मुलांची. त्यांच्या घरी जाऊन बसायला, जूनमध्ये त्यांना बोलवायला, त्यांच्या आजीचं नाव लक्षात ठेवायला या वेळी वर्षभर वेळ आहे.

त्या बैठकांत प्रत्येक घरातून एक प्रश्न येणार, तुम्ही किती वर्षं राहणार? कॅम्बेल यांच्याकडे सांगण्यासारखं उत्तर आहे. मोठमोठी बोलावणी येत असल्याच्या बातम्या दर वर्षी यायच्या, तरी ते एम्समध्ये दहा हंगाम राहिले. समोरची आई ते ऐकून मान हलवेल, आणि मग बहुतेक ती एम्सच्या त्या मुलांबद्दल विचारेल, जी दहाव्या हंगामात त्यांच्यासाठी आली होती.